काट्यावरचा माणूस

माझी सगळी नोकरी काट्यावर गेली. काटा म्हणजे वे-ब्रिज. डिचोलीच्या खाणीवर खनिजाचे ट्रक तोलायचे, हे माझे काम. ट्रक येऊन लोखंडी फलाटावर उभा राहायचा, मी खिडकीतून बघायचो, आकडा स्थिर झाला की पावती फाडायची आणि पुढच्याला हात करायचा. धूळ एवढी की घरी येईपर्यंत भुवया तांबड्या व्हायच्या. या कामाला फार अक्कल लागत नाही. पण एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. गाडी तोलली जात असताना दुसरे कुणी फलाटावर उभे असता कामा नये. भाडे टनावर मिळायचे, म्हणून भरलेल्या ट्रकात क्लीनर हळूच दडून बसायचा, नाहीतर कुणीतरी गप्पा मारत असल्याचे सोंग करून एक पाय फलाटावर ठेवायचा. मी खिडकीतून डोके बाहेर काढून ओरडायचो, "काट्यार कोण तो? देंव सकयल!" देंव म्हणजे उतर, सकयल म्हणजे खाली. सगळ्या ड्रायव्हरांना ते पाठ होते. माझ्या माघारी माझी नक्कलही करायचे, मला ठाऊक होते.

हे ओरडणे माझ्याबरोबर घरी आले. मी स्वयंपाकघरात जाऊन माशांच्या हुमणात मीठ कमी की जास्त यावर मत द्यायला लागलो की बायको पळी उगारून म्हणायची, "काट्यार कोण तो? देंवात सकयल!" मग मी गुपचूप बलकांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, जाऊन बसायचो. ती माझ्यापेक्षा बरे ओरडायची.

ती मूळची पेडण्याची. माहेर केरीला, तेरेखोल नदीच्या अलीकडच्या काठावर. बोलण्यात तिचा हात धरणारे कुणी मी बघितलेले नाही. मी मोजके बोलणारा, आणि जे बोलतो तेही बहुधा तक्रारीचे. लग्न झाले तेव्हा माझी आई म्हणाली होती, एक मुका आणि एक रेडिओ, संसार बरा चालेल. तसा तो चाललाही. खाणी बंद पडल्या तेव्हा मी निवृत्तीच्या उंबरठ्यावरच होतो, त्यामुळे पुष्कळांचे झाले तसे माझे हाल झाले नाहीत. पण गाव मात्र ओसरले. आमच्या लाटंबार्शाच्या वाड्यावर उजवीकडचे घर बंद आहे, ती मंडळी पोर्तुगालच्या पासपोर्टाचे कागद करून इंग्लंडला गेली. समोरच्यांच्या अंगणात ट्रक उभा आहे, त्याच्यावर कारल्याचा वेल चढलेला आहे आणि कारली चांगली लागतात. आमची मुलगी बेंगळुरूला. रविवारी फोनवर दिसते.

अशा ठिकाणी माणूस बोलणाऱ्या बायकोच्या जिवावर राहतो. हे मला तेव्हा कळत नव्हते. मला वाटायचे, मी तिला सहन करतो आहे.

तिची एक गोष्ट तर मी इतक्यांदा ऐकली होती की ती सुरू झाली की मी काजूच्या बागेत निघून जायचो. लहानपणी ती आजोबांबरोबर फेरीतून तेरेखोलला चालली होती. आजोबांनी तिथल्या एका दोस्तासाठी फेस्ताची, म्हणजे चर्चच्या सणाची, भेट म्हणून कोंबडा घेतला होता, तांबडा. अर्ध्या नदीत कोंबडा सुटला आणि उन्हासाठी छत्री उघडून उभ्या असलेल्या पाद्रीच्या छत्रीवर जाऊन बसला. छत्री मिटली तर कोंबडा नदीत जाणार, म्हणून आजोबांनी हात जोडले, आणि पाद्री बिचारा पलीकडचा काठ येईपर्यंत डोक्यावर कोंबडा घेऊन, न हलता उभा राहिला. उतरताना म्हणाला, "हाचें तिकीट कोणें काडलां?" हे वाक्य आले की ती स्वतःच इतकी हसायची की पुढचे सांगायला श्वास उरायचा नाही. मी बहुधा छत्रीपर्यंत आलो की म्हणायचो, "कळलां, कळलां." तिकिटापर्यंत मी तिला क्वचितच जाऊ दिले.

नागीण उठली ती एका पावसाळ्याच्या अखेरीस. उजव्या कुशीपासून पाठीपर्यंत फोडांची माळ. आमच्याकडे नागीण डॉक्टरला दाखवत नाहीत, काढणाऱ्याला दाखवतात. तिचा भाऊ पेडण्याहून एका माणसाला गाडीत घालून घेऊन आला. त्याने मंत्र पुटपुटत काव लावली, नागिणीचे तोंड आणि शेपटी कावेच्या रेघांनी अडवली, म्हणजे दोन्ही टोके एकमेकांना मिळू नयेत. मिळाली की माणूस गेला, असे म्हणतात. मी सरकारमान्य पावत्या फाडलेला माणूस, माझा विश्वास नव्हता. पण ती घाबरली होती आणि भाऊ आला म्हणून तिला धीर आला होता, मग मी कशाला तोंड उघडू? फोड वाळले, खपल्या पडल्या, भावाने नारळ वाढवला. दुखणे मात्र तिथेच राहिले. पुढे डिचोलीची डॉक्टरीण म्हणाली, सुरुवातीच्या दिवसांत गोळ्या घेतल्या असत्या तर कदाचित एवढे मागे राहिले नसते. कदाचित. नक्की सांगता येत नाही, काका. मी घरी येईपर्यंत तो 'कदाचित' चघळत होतो.

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. ही मुंगी आमच्याकडे वाट विसरली. वरून कातडीवर काही दिसत नाही, थोडे डाग फक्त, पण आतल्या नसा पेटलेल्या. पदर लागला तरी तिला चटका बसायचा. म्हणून ती दिवसभर डाव्या हाताने पदर अंगापासून लांब धरून ठेवायची आणि उरलेल्या एका हाताने कामे करायची. एका हाताने भाकरी, एका हाताने केरसुणी. मी मदतीला गेलो तर "काट्यार कोण तो." देवळात जाणे बंद झाले, कारण गर्दीत कुणाचा कोपर लागेल. लग्नाकार्याला जाणे बंद. हळूहळू माणसे येणेही बंद झाले, कारण रडणारे माणूस किती वेळा बघणार? बोलणे मात्र तिने सोडले नाही. दुखता दुखता बोलायची. कण्हायची, नागिणीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, मध्येच कोंबडा आणि पाद्री, मग परत कण्हणे. मला ते ऐकवत नसे आणि ऐकल्याशिवाय राहवतही नसे.

डॉक्टरणीने नसांच्या गोळ्या दिल्या. थोडा उतार पडला, पण पाय सुजले आणि डोके गरगरायला लागले. मात्रा वाढवली तर गरगर वाढे, कमी केली तर आग. त्यात तिच्या हृदयाचा ठेका चुकतो म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आधीपासूनच चालू. म्हणजे औषधांनाही एकमेकांशी जमवून घ्यायचे होते.

तेव्हा मुलीने फोनवरून गांजाचा विषय काढला. तिने शब्द वापरला 'मेडिकल कॅनाबिस'. मी म्हटले, सरळ गांजा म्हण. काही वर्षांपूर्वी गोव्यात औषधासाठी गांजाची लागवड करू द्यावी की नको यावरून पेपरांत रण माजले होते, तेव्हा मी डिचोलीच्या बाजारात, मासळीच्या पिशव्या हातात घेऊन, ओळखीच्या सगळ्यांना अडवून सांगितले होते की हे गोव्याला बुडवणार आहेत. खाणीवर एखादा ड्रायव्हर लाल डोळे घेऊन आला की मी त्याची गाडी काट्यावर घ्यायचो नाही. अशा माणसाच्या घरात आता गांजा! मी फोन तिच्या आईकडे दिला. तिची आई पदर लांब धरून फोनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दूख वता जाल्यार माका वीखय चलता." दुखणे जात असेल तर विषही चालेल, असे ती म्हणाली, आणि तेही हसून. त्या हसण्याने माझी बाजारातली सगळी भाषणे गारद केली.

मेव्हण्याला कळले तर तो आणखी उत्साहात. त्याच्या हरमलला खोल्या आहेत, गोऱ्यांना भाड्याने देतो. म्हणाला, "भावोजी, गोरे सात समुद्र पार करून हेच्याखातीर येतत. आमच्या दारात आसा तर आमकां कित्याक नाका? हांव हाडून दितां, फस्टक्लास." मी विचारले, कोणी पिकवले? किती कडक आहे? त्यात काय मिसळले आहे? त्याने खांदे उडवले. मी सांगितले, ज्या मालाला पावती नाही तो मी काट्यावर घेत नाही. शिवाय तो बेकायदेशीर आहे, आणि या वयात पोलिसांना चहा पाजायची माझी इच्छा नाही. मेव्हणा रागावला. नारळ वाढवणारा तो, औषध नाकारणारा मी.

आम्ही परत डॉक्टरणीकडे गेलो. पोरगी तरुण आहे, आमच्या मुलीपेक्षाही लहान, पण घाई करत नाही. म्हणाली, "काका, ही जादू नाही आणि नुसते विषही नाही. नसांच्या दुखण्यात काहींना उतार पडतो, काहींना काही होत नाही. झोप येते, चक्कर येते, तोंड सुकते, म्हाताऱ्या माणसाला कधी गोंधळल्यासारखे होते, छातीत धडधडू शकते. पण काकींच्या बाबतीत मला भीती आहे ती रक्त पातळ करणाऱ्या गोळीची. दोन्ही एकत्र आली तर रक्त जास्त पातळ होऊ शकते. मग पडल्या तर?" ती पुढे म्हणाली, आयुर्वेदात याचे औषध आहे, वैद्य रीतसर लिहून देतात, घ्यायचे असेल तर ते घ्या, पण माझ्यापासून लपवू नका आणि रक्त तपासत राहा.

पेडण्यात एक वैद्य आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी 'विजया' असे नाव घेतले. ग्रंथात तेच नाव आहे म्हणाले. नाव ऐकून बायकोला बरे वाटले. गांजा म्हटल्यावर तिला हरमलचा किनारा दिसायचा, विजया म्हटल्यावर कुणाची तरी मावशी. त्यांनी तिच्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडून बघितल्या, डॉक्टरणीला फोन केला, आणि हिरव्या काळसर तेलाची छोटी बाटली लिहून दिली. जिभेखाली थेंब. अगदी थोड्यापासून सुरू करायचे, हळूहळू चढायचे, झेपेल तिथे थांबायचे. "सर्वांना लागू पडतेच असे नाही," तेही म्हणाले. मला माणूस आवडला. ज्या वैद्याचे सगळे रोगी बरे होतात त्याच्यापासून मी लांब राहतो.

मी म्हटले, तोलणे तर आपला धंदा. एका बाजूला आग, झोप नाही, एका हाताचा संसार. दुसऱ्या बाजूला चक्कर, रक्त, पडणे. द्यायचे ठरले. रोज दिवेलागणीला, देवापुढे दिवा लावून झाला की ती पाटावर बसून तोंड उघडायची आणि मी थेंब टाकायचो. तेलाला कापलेल्या गवताचा वास. ती तोंड वाकडे करून म्हणायची, "बकरी जालें हांव."

पहिले काही दिवस काहीच झाले नाही. मला जवळजवळ आनंद झाला, कारण माझे बाजारातले म्हणणे खरे ठरत होते. मग एका सकाळी मी विहिरीवरून आलो तर ती अंगणात तांदूळ पाखडत होती. दोन्ही हातांनी. पदर तिच्या अंगावर होता, त्याच कुशीवर, आणि तिला पत्ता नव्हता. मी घागर घेऊन तसाच उभा राहिलो. घागर जड होती, पण खाली ठेवावीशी वाटेना, आवाज झाला तर ती भानावर येईल आणि पदर उचलून धरेल असे वाटले. मी देवाला मानत नाही असे नाही, पण त्या सकाळी जरा जास्त मानले.

त्यानंतर ती झोपायला लागली, आणि दुपारीसुद्धा. आधी मी म्हटले, किती दिवसांची झोप साचली आहे, घेऊ दे. पण झोप संपली तरी ती पुरती जागी होईना. चहाचा कप हातात धरून बसायची, चहा थंड व्हायचा. मी काही विचारले तर हो म्हणायची, थोड्या वेळाने, जणू प्रश्न पेडण्याहून आला होता. पोदेर पावाची सायकल घेऊन यायचा, भोंगा वाजवायचा. आधी ती त्याच्याशी पावाच्या आकारावरून रोज भांडायची. आता तो दारात उभा राहायचा, ती हसायची, तो देईल ते उंडे घ्यायची. एकदा त्याने मला विचारले, "बाय बरी आसा न्हय?" मी म्हटले, बरी आहे. खरेच बरी होती. चेहरा निवळला होता. फक्त बोलत नव्हती.

ते कधी सुरू झाले सांगता येणार नाही. बोलणे एकदम बंद पडत नाही, आधी गोष्टी जातात, मग तक्रारी, मग नुसते हो आणि ना राहते. मला घरात घड्याळाचा आवाज येऊ लागला. ते घड्याळ आमच्या लग्नातले, इतकी वर्षे ते वाजत होते हे मला माहीतच नव्हते. मी विनाकारण बाजारात जाऊ लागलो, ओळखीच्यांना गाठून खाणी कधी सुरू होणार यावर वाद घालू लागलो. घरी येताना वळणावर पाय जड व्हायचे. बायको घरात होती, बरी होती, माझ्याकडे बघून हसत होती, आणि मला एकटे वाटत होते. फार एकटे. रडणारी बायको असताना मी एकटा नव्हतो.

मग ती पडली. धुण्याच्या दगडाकडे जाताना पायरी चुकली. लागले फारसे नाही, हाताला खरचटले, पण दुसऱ्या दिवशी कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा डाग उतरला. जांभूळ पिळून लावल्यासारखा. रक्त तपासले तर हवे त्यापेक्षा जास्त पातळ निघाले. डॉक्टरीण जे म्हणाली होती तेच. खोटे कशाला बोलू, मी घाबरलो, आणि त्या भीतीच्या तळाशी कुठेतरी एक लहानसा सुस्काराही होता. आता बंद करता येईल. कारण सापडले.

डिचोलीला जाताना बसमध्ये मी मनात सगळे जुळवून ठेवले. दवाखान्यात माझे बोलणे असे झाले की डॉक्टरीण चकित झाली असावी. एरव्ही मी तिथे खुर्चीसारखा बसतो. मी म्हटले, पायरी चुकली. आज हात आहे, उद्या डोके आपटले तर? रक्त पातळ. दिवसा झोप. विचारलेले कळत नाही. चहा थंड होतो. भाजीत मीठ दोनदा. फायदा झाला, मी नाही म्हणत नाही, पण धोका जड आहे. बंद करूया. यातला एकही शब्द खोटा नव्हता. आजही मी त्यातला एकही मागे घेणार नाही.

डॉक्टरणीने ऐकून घेतले, मान हलवली. म्हणाली, बंद करता येईल, ते सोपे आहे. नाहीतर थेंब कमी करून बघता येतील, रक्ताची गोळी त्या मानाने बदलता येईल, तपासणी वरचेवर करावी लागेल. धोका कमी होईल, जाणार नाही. "तुम्ही दोघांनी ठरवा," म्हणाली, आणि बायकोकडे वळली. "काकी, दूख कशी आसा?"

बायकोने वेळ घेतला. मला वाटले, तिला प्रश्न कळला नाही, मी उत्तर द्यायला तोंड उघडले. पण ती बोलली. "आसा. पूण पैस आसा. वाड्याच्या दुसऱ्या तोंकाक कोणाचें भुरगें रडटा, तशी." पैस म्हणजे लांब. लांब कुणाचे तरी मूल रडते आहे, तसे दुखते. मग ती माझ्याकडे वळली. कित्येक दिवसांनी तिने माझ्याकडे नीट, माझ्यावर नजर रोवून बघितले.

"तुमी सांगलें तें सगळें खरें," ती म्हणाली. "पूण एक सांगूंक ना."

"कितें?"

"हांव उलयना. घर तुमकां खावंक उठता."

उलयना म्हणजे बोलत नाही. ती बोलत नाही म्हणून घर मला खायला उठते. डॉक्टरीण टेबलावरचा कागद सारखा करू लागली.

"दूख माजी," बायको म्हणाली. हळू, एकेक शब्द वेचून. "रगतय माजें. पडटलें तेंय हांव. तुमी काट्यार कित्याक उबे?" आणि मग, ओरडायची ताकद नव्हती म्हणून अगदी हलक्या आवाजात, "देंवात सकयल."

डॉक्टरणीला काही कळले नाही. तिला वाटले असेल, म्हातारी भ्रमात बोलते आहे, कारण तिने लगेच टॉर्च काढून तिच्या डोळ्यांत बघितले. मला मात्र सगळे कळले. आयुष्यभर मी दुसऱ्यांना खाली उतरवले. गाडीच्या मागे दडलेला क्लीनर मला खिडकीतून दिसायचा. आणि इथे धोक्याच्या ढिगात पायरी, रक्त, मीठ, सगळे रास्त मालाचे वजन घालून वर मी स्वतः उभा होतो, माझ्या एकटेपणासकट, आणि आकडा बघून म्हणत होतो, बघा, केवढा जड आहे. मला शरम वाटली, आणि तिचा रागही आला. एवढे दिवस गप्प राहून ती मला बघत होती तर!

मी उतरलो. म्हणजे एवढेच म्हणालो, "तिका जाय तशें करूया." जाय म्हणजे हवे.

थेंब कमी केले, बंद नाही. गोळी बदलली. रक्त तपासायला आम्ही ठरलेल्या दिवशी डिचोलीला जातो. पायरीच्या बाजूला मी लोखंडी पाइपाचा कठडा बसवून घेतला आणि धुण्याच्या दगडाकडे तिला एकटीला जाऊ देत नाही. आग थोडी परत आली आहे. ती म्हणते, भुरगें जरा लागीं रडटा, मूल जरा जवळ रडते आहे, पण पदर सोसतो. बोलणे परत येईल असे मला वाटले होते. थोडे आले. सकाळी पोदेराला एखादे वाक्य ऐकवते. वैद्य म्हणतात सवय झाल्यावर सुस्ती कमी होईल, डॉक्टरीण म्हणते बघूया. मुलगी रविवारी विचारते, बाबा, मग फायदा झाला की तोटा? मी म्हणतो, पावती अजून फाडलेली नाही. भीती गेलेली नाही. ती उठली की मी उठतो, तिच्या हातांवर नवा डाग शोधतो. ती ओरडत नाही म्हणून मी शोधत राहतो.

आता घरात मी बोलतो. काय बोलणार? मला खाणीखेरीज काही येत नाही. खाणीच्या सगळ्या गोष्टी एका आठवड्यात संपल्या. मग मी तिच्याच गोष्टी तिला सांगू लागलो. थेंब घेतले की ती बलकांवाच्या सोप्यावर, म्हणजे तिथल्या बांधीव बाकावर, आडवी होते, मी पायरीवर बसतो. समोर कारल्याचा ट्रक काळा होत जातो. मी म्हणतो, तू लहान होतीस, आजोबांबरोबर फेरीतून तेरेखोलला चालली होतीस. आजोबांच्या हातात कोंबडा होता, पांढरा.

"तांबडो," ती डोळे मिटून म्हणते.

बस. तेवढ्या एका शब्दासाठी मी दिवसभर थांबलेला असतो. म्हणून मुद्दाम चुकतो. कधी पांढरा, कधी काळा. तिला माहीत आहे की नाही, देव जाणे. मला माहीत आहे.

काल पण सांगत होतो. पांढरा कोंबडा म्हणालो आणि थांबलो. मागून काही आले नाही. मी परत म्हणालो, पांढरा. वळून बघितले तर ती झोपली होती, उजव्या कुशीवर, ज्या कुशीवर ती आजार झाल्यापासून वळली नव्हती. पदर तिच्याखाली चेपला गेला होता आणि ती स्वस्थ श्वास घेत होती. तिला हाक मारून उठवावे, नुसते एकदा 'तांबडो' म्हणून घ्यावे, असे मला फार वाटले. मी उठवले नाही. गोष्ट पुढे सांगत गेलो, अगदी हळू आवाजात, छत्रीपर्यंत, पलीकडच्या काठापर्यंत, तिकिटापर्यंत. शेवटी हसायचे असते. कुणी हसले नाही, तेव्हा मी उठून आतला दिवा लावला.